आधी बाप, मग लेकरू

कचेरीत सगळे तिला ताई म्हणत, आणि त्या सगळ्यांत नोकरीला सर्वांत नवी तीच होती. वय बेचाळीस, नोकरी अडीच महिन्यांची. अंथरुणाला खिळलेल्या सासूचं नऊ वर्षं केल्यावर ती पुन्हा कामाला लागली होती, आणि ज्यांना ती ‘सर’ म्हणायची त्यांतल्या निम्म्यांना अजून धड दाढी फुटली नव्हती. ‘तीन महिने बघू, मग कायम करू,’ असं साहेबांनी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं. साहेब वाईट नव्हते. फक्त त्यांना सगळ्याची घाई असे, अगदी चहा गार व्हायचीसुद्धा.

कंपनीचं काम म्हणजे यंत्रांवर नजर ठेवायची. शीतकपाटं, दूध थंड करायच्या टाक्या, भट्ट्या, अंडी उबवायची यंत्रं. तापमान ठरल्या मर्यादेबाहेर गेलं की गजर वाजला पाहिजे, एवढंच. पण हे ‘एवढंच’ जावा नावाच्या भाषेतल्या काही हजार ओळींचं होतं, आणि त्या सगळ्यांच्या वर बसला होता कचेरीतल्या सर्वांत जुन्या नानांनी चौदा वर्षांपूर्वी लिहिलेला एक क्लास, म्हणजे पुढच्या सगळ्या प्रोग्रामांचा मूळ साचा. कचेरीच्या बोलीत त्याला ‘बाप’ म्हणत. प्रत्येक यंत्रासाठी त्याच्याखाली एकेक ‘लेकरू’ लिहायचं. लेकराला बापाचं सगळं आयतं मिळतं; जे पटत नाही तेवढं त्यानं स्वतःचं लिहायचं. बाप म्हणतो मर्यादा चाळीस, लेकरू म्हणतं माझी अडतीस पॉइंट चार, आणि मग लेकराचंच खरं धरलं जातं. याला ओव्हरराइड करणं म्हणतात. घरोघरी हेच चालतं, तिथे त्याला फक्त उद्धटपणा म्हणतात.

बापाला मात्र हात लावायचा नाही. असा नियम कुठे लिहिलेला नव्हता, पण चौदा वर्षांत ती फाइल बदलायला कोणी उघडली नव्हती. नानांचं काम म्हणजे दगडावरची रेघ. नाना स्वतः तसं कधी म्हणाले नाहीत, पण लोक म्हणत तेव्हा त्यांनी कधी नकोही म्हटलं नाही. आता पुढच्या बुधवारी ते निवृत्त व्हायचे होते. ताईच्या मुलाखतीच्या वेळी सगळ्यांनी तिच्या नऊ वर्षांच्या खंडावर बोट ठेवलं होतं, तेव्हा नानाच म्हणाले होते, “नऊ वर्षं आजारी माणसाच्या औषधाच्या वेळा सांभाळल्यात तिनं. तिला गजराचं महत्त्व काय समजावून सांगायचं?” त्या एका वाक्यावर ताईला नोकरी मिळाली होती. हे ती विसरणाऱ्यांतली नव्हती.

सोमवारी सकाळी फोन आला. अंडी उबवायच्या एका केंद्रात, आदल्या दुपारी, यंत्राचा पंखा बंद पडला. आतलं तापमान एकेचाळीसवर गेलं आणि दोन तास तिथेच राहिलं. गजर वाजलाच नाही. सोळा दिवसांची तीन हजार अंडी गेली. आणखी पाच दिवसांत त्यांतून पिल्लं बाहेर पडायची होती.

त्या यंत्राचं लेकरू ताईनं बदललेलं होतं, महिनाभरापूर्वी. आधी त्यात अडतीस पॉइंट चार हा आकडा कायमचा कोरून ठेवलेला होता. केंद्राच्या बाईंना कोंबडीखेरीज बदकांची आणि लावा पक्ष्यांची अंडीही लावायची होती, त्यांच्या मर्यादा वेगळ्या. म्हणून ताईनं तो आकडा सेटिंगमधून वाचायची सोय केली होती. चार ओळींचं काम.

“तुम्ही हात लावायच्या आधी ते पाच वर्षं बिनबोभाट चालत होतं, ताई,” साहेब म्हणाले. आवाज चढवला नव्हता, म्हणून ते जास्तच लागलं. “शुक्रवारी बैठक आहे. तोवर चूक-पत्रक भरून द्या.”

चूक-पत्रक म्हणजे दोन पानांचा कागद. काय झालं, का झालं, काय दुरुस्त केलं, आणि शेवटी एक ओळ: जबाबदार व्यक्तीचं नाव. एकच ओळ, एकच नाव. ज्याचं नाव त्या ओळीवर जातं त्याला कोणी काढून टाकत नाही, पण तीन महिने बघू म्हटलेल्या माणसाला कायमही करत नाही. हे ताईला कोणी सांगावं लागलं नाही.

मंगळवारी ती केंद्रावर गेली. खरं तर जायची गरज नव्हती, यंत्राची सगळी नोंद कचेरीत बसून दिसत होती. पण आपल्या चार ओळींनी काय केलं ते डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तिला चैन पडेना.

केंद्राच्या बाई पन्नाशीच्या, हातांची कातडी धुऊन धुऊन पांढरी पडलेली. अंधाऱ्या खोलीत बसून त्या एकेक अंडं दिव्यासमोर धरत होत्या. जिवंत अंड्यात लाल शिरांचं जाळं दिसतं, हलताना दिसतं. त्यांनी ताईच्या हातात एक दिलं. आत काळसर गोळा होता, आणि तो हलत नव्हता. अंडं अजून कोमट होतं.

“सगळी तपासतेय,” बाई म्हणाल्या. “एखादं राहिलं असेल तर.”

“किती झाली तपासून?”

“अकराशे.”

“आणि?”

बाईंनी तिच्या हातातलं अंडं घेऊन मेलेल्यांच्या ट्रेमध्ये ठेवलं. मग म्हणाल्या, “माझंच चुकलं. लेकीला दाताच्या डॉक्टरकडे न्यायचं होतं. म्हटलं, गजर आहे की. वाजला तर शेजारणीकडे किल्ली आहेच, ती येईल धावत. तेवीस वर्षांत उबवणी चालू असताना मी अशी कधी उठून गेले नव्हते. गेले नसते तर दार उघडून हात घातला असता, तेवढ्यात कळलं असतं मला.”

“बाई, तुमची चूक नाही यात.”

“तुम्ही चांगल्या आहात म्हणून म्हणताय,” बाई म्हणाल्या आणि पुढचं अंडं उचललं.

परतीच्या वाटेवर ताईचा जीव थाऱ्यावर नव्हता. एका माणसानं गजरावर विश्वास टाकला, गजरानं दगा दिला, आणि ते माणूस स्वतःलाच दोष देत अंधारात बसलं होतं. माझं चुकलं असेल तर मला कळू दे, असं ती मनात म्हणाली. पण काय चुकलं ते कळू दे.

बुधवारी सकाळपासून ती कचेरीतलं चाचणीचं यंत्र समोर घेऊन शोधायला बसली. आणि गंमत अशी की चूक दिसेचना. पडद्यावर मर्यादा विचारावी तर अडतीस पॉइंट चार. सेटिंगमध्ये अडतीस पॉइंट चार. यंत्र सुरू झाल्यावर एका मिनिटानं विचारा, तासानं विचारा, उत्तर तेच. ‘गजर तपासा’ हे बटण दाबलं की भोंगा ठणाणा करून शेजारच्या टेबलावरच्यांना शिव्या द्यायला लावत होता. आकडा बरोबर, भोंगा बरोबर, आणि तरी यंत्राला खोटंखोटं एकेचाळीस तापमान दाखवलं की सगळं गपगार. हातच्या कांकणाला आरसा कशाला म्हणतात. इथे कांकण हातात दिसत होतं आणि तरी हात रिकामा होता.

दुपारी डबा खाऊन झाल्यावर तिला एक साधी गोष्ट सुचली. आतापर्यंत ती बाहेरून विचारत होती. आता तिनं मर्यादा सांगणाऱ्या त्या मेथडच्या, म्हणजे लेकराच्या उत्तर देणाऱ्या तुकड्याच्या आतच एक ओळ घातली: तुला जेव्हा जेव्हा कोणी विचारेल, तेव्हा तू काय उत्तर दिलंस ते छापत जा. यंत्र पुन्हा सुरू केलं.

पडद्यावर दोन ओळी उमटल्या. पहिली शून्य. दुसरी अडतीस पॉइंट चार.

ताई त्या शून्याकडे कितीतरी वेळ बघत राहिली. मग तिनं वही काढली आणि कॉलेजात शिकलेलं, नऊ वर्षं काढ्याच्या वासाखाली दबून गेलेलं सगळं क्रमानं लिहून काढलं. जावामध्ये लेकरू तयार होताना आधी बाप तयार होतो. बापाच्या घरातले आकडे आधी भरले जातात, मग बापाचा कन्स्ट्रक्टर, म्हणजे बापाला उभं करणारं काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत चालतं. ते संपलं की मग लेकराच्या घरातले आकडे भरतात. त्याआधी लेकराच्या प्रत्येक डब्यात, म्हणजे आकडा ठेवायच्या जागेत, शून्यच.

आणि बाप उभा राहता राहताच लेकराला विचारत होता, “तुझी मर्यादा किती रे?” लेकराची मेथड त्याच क्षणी लेकराचंच उत्तर देते, बापाचं नाही, कारण ओव्हरराइडचा नियमच तो. पण लेकराचा डबा अजून भरलेला नाही. ते बिचारं सांगतं, शून्य. बाप ते शून्य घेऊन गजर बांधतो आणि पुन्हा कधी विचारत नाही. नानांच्या क्लासात शून्याचा अर्थ होता ‘गजर नको’. धुवायला काढलेल्या रिकाम्या यंत्रांसाठी त्यांनीच तशी सोय ठेवली होती. नंतर डब्यात अडतीस पॉइंट चार येऊन पडायचे, पडद्यावर दिमाखात दिसायचे, आणि गजराला त्याचा पत्ताच नसायचा.

मग आधीची पाच वर्षं कसं चाललं? तेही कळलं. आधी आकडा कोरलेला होता. कायमचा कोरलेला आकडा जावा डब्यात शोधत बसत नाही, तो थेट ओळीतच बसवून टाकते. त्यामुळे वेळेआधी विचारलं तरी उत्तर बरोबर यायचं. बापाची खोड चौदा वर्षं झाकली गेली होती ती या कोरलेल्या आकड्यांमुळे. ताईनं फक्त झाकण उचललं होतं.

तिला हायसं वाटलं, अगदी मोठ्यांदा हसावंसं वाटलं. आणि लगेच पत्रकावरची ती एक ओळ तिला आठवली: तिथे आता नानांचं नाव जायला हवं होतं.

संध्याकाळी जेवताना तिनं नवऱ्याला सांगितलं. नवरा छापखान्यात होता. त्याला जावाचं ओ की ठो कळत नसलं तरी चूक कोणाच्या माथी मारतात हे चांगलं कळत होतं.

“सोपं आहे,” ती म्हणाली. “आकडा परत कोरून टाकते. गजर वाजेल. पत्रकावर माझं नाव लिहिते. आठवड्यात माणूस निवृत्त होतोय, जाता जाता कशाला?”

“आणि तुझी नोकरी?”

“बघू.”

“चूक तुझी आहे का?”

“नाही.”

“मग ते खोटं लिहिणं झालं,” तो म्हणाला. आणि ताटाकडे बघतच पुढे म्हणाला, “माझ्या आईचं सगळं तुझ्यावर पडलं तेव्हाही तुला कोणी विचारलं नव्हतं, तयार आहेस का म्हणून. मीसुद्धा नाही. तेव्हाही सगळं आपल्याच अंगावर घेतलंस. आता पुरे झालं की.”

एवढं बोलून तो भांडी घासायला उठला. एरवी तो वळसे घेऊन बोलणारा माणूस. म्हणून ताईला त्या रात्री अंथरुणावर पडल्यावरही ते शब्द ऐकू येत होते. अंड्याच्या खोलीतल्या बाईही दिसत होत्या. आपण आकडा कोरला तर या यंत्राचा गजर वाजेल. पण उद्या दुसऱ्या कोणी दुसऱ्या लेकरात हेच केलं तर? आणि त्या बाई जन्मभर समजणार, मी दातांच्या डॉक्टरकडे गेले म्हणून झालं.

गुरुवारी दुपारी ती वही घेऊन नानांच्या टेबलाशी गेली. नाना खण आवरत होते. चौदा वर्षांचे पेन्सिलींचे बुडखे एका डब्यात गोळा केले होते.

“नाना, थोडं दाखवायचं होतं. तुमच्या क्लासातलं.”

“माझ्या?” नाना हसले. “बस की.”

तिनं काही समजावून सांगितलं नाही. नुसत्या त्या दोन ओळी दाखवल्या, शून्य आणि अडतीस पॉइंट चार, आणि वही पुढे सरकवली. नानांनी चष्मा पुसला. वाचलं. आपला जुना क्लास उघडला आणि ती ओळ बोटानं शोधली. सापडल्यावर बोट तिथेच राहिलं.

ताईला वाटलं, आता ते रागावतील. किंवा म्हणतील, ‘अगं, तू कोरलेला आकडा काढलासच कशाला?’ तेही अगदीच चूक ठरलं नसतं.

“उंच्या,” नाना म्हणाले.

“कोण?”

“होता एक. तू यायच्या सहा वर्षं आधी. दाराच्या चौकटीला रोज डोकं आपटायचं त्याचं, म्हणून उंच्या.” नाना पडद्याकडेच बघत होते. “दुधाच्या टाकीचं लेकरू लिहिलं होतं त्यानं. त्यानंही आकडा सेटिंगमध्ये टाकला होता. गजर वाजला नाही, टाकीभर दूध नासलं. तो माझ्याकडे आला. याच खुर्चीवर बसला होता. म्हणाला, नाना, माझा आकडा बरोबर आहे हो, कुठेही बघा, बरोबरच दिसतोय. मी म्हटलं, यंत्र खोटं बोलत नाही, माणूस बोलतो. मी आकडा परत कोरला, गजर वाजायला लागला. झालं, सिद्ध! पत्रकावर त्याचं नाव मीच लिहिलं, माझ्या हातानं. चोर सोडून संन्याशाला फाशी दिली गं.”

“तुम्हाला माहीत नव्हतं, नाना.”

“माहीत करून घेतलं नाही,” नाना म्हणाले. “तू दोन ओळी छापून पाहिल्यास. मला सहा वर्षांपूर्वी तेवढंही करावंसं वाटलं नाही. क्लास माझा होता ना!”

मग नानांनी आपली खुर्ची सोडली आणि तिच्याकडे सरकवली. “बस. काढ ती ओळ कन्स्ट्रक्टरमधून. लेकरू पुरतं उभं राहिलं की मग विचारायचं, वेगळ्या मेथडमधून. आणि बापाच्या वतीनं मध्येच लेकराला विचारायची माझी खोड आणखी कुठे आहे का तेही बघ.”

“मी? तुमच्या क्लासात?”

“मग काय, मुहूर्त बघायचाय?”

तिनं ओळ काढली. गजर बांधायचं काम वेगळं केलं. यंत्र पूर्ण तयार झाल्यावर ते चालेल असं केलं. आणखी एका ठिकाणी तीच खोड सापडली, भट्टीच्या वेळेची, तीही काढली. मग खोटं एकेचाळीस तापमान दाखवलं. भोंगा असा काही वाजला की साहेब चहाचा कप घेऊन धावत आले.

शुक्रवारी बैठकीत साहेबांनी पत्रक मागितलं. ताईनं दिलं. शेवटची ओळ तिनं मोकळीच ठेवली होती. नाव माहीत होतं, पण लिहायला हात धजला नव्हता. नानांनी कागद ओढून घेतला, खिशातलं पेन काढलं आणि आपलं पूर्ण नाव लिहिलं, वडिलांच्या नावासकट.

“नाना, अहो, पाच दिवस राहिलेत,” साहेब म्हणाले. “कशाला उगाच? ‘तांत्रिक कारण’ असं टाकू या की.”

“पाच दिवस राहिलेत म्हणूनच,” नाना म्हणाले. “केंद्राच्या बाईंना मी कळवलंय सकाळी, चूक आमची म्हणून. ताईंचं कायम करायचं पत्र आजच काढा. आणि सहा वर्षांपूर्वीची दुधाच्या टाकीची फाइल मागवा. तिच्यातलं नावही चुकलंय.”

साहेबांनी पहिल्यांदाच कशाचीही घाई केली नाही. थोडं थांबून ते म्हणाले, “मागवतो.”

बैठक संपली. पोरं आवाज न करता उठून गेली. ताई तिथेच बसून राहिली, कारण नाना उठले नव्हते. मोबाइल टेबलावर ठेवून ते त्याच्याकडे बघत होते. उंच्याचा नंबर कुठून तरी मिळवला होता. कागदाच्या कपट्यावर लिहिलेला होता.

“आता काय करतो तो, माहीत आहे?” तिनं विचारलं.

“दुकान आहे म्हणे. दारं-खिडक्या विकतो. या कामात पुन्हा पडला नाही तो. म्हणायचा म्हणे, मला जमत नाही हे.” नानांनी कपटा बोटानं सरळ केला. “त्याला जमत होतं गं. आमच्यात सगळ्यांत जास्त त्यालाच जमत होतं.”

ताईच्या डोळ्यांत पाणी आलं. तिनं ते लपवलं नाही. तिला आतून वाटलं, आपल्यासाठीही असंच कोणी सहा वर्षांनी फोन हातात घेऊन बसलं असतं, आणि तोवर आपणही तेच म्हणत राहिलो असतो: मला जमत नाही.

“लावू?” ती म्हणाली.

“नको. मीच लावतो.”

त्यांनी एकेक आकडा कपट्यावरून पाहून दाबला. पलीकडे घंटी वाजत राहिली. मग करवतीचा आवाज आला, तो थांबला, आणि कोणीतरी म्हणालं, “हॅलो, बोला. कोण?”

नानांनी आपलं नाव सांगितलं नाही. सांगायचं सुचलंच नसेल. सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारी समोरच्या माणसाला जे उत्तर द्यायला हवं होतं, तेवढंच त्यांच्या तोंडून निघालं.

“तुझा आकडा बरोबर होता रे.”

पलीकडची करवत पुन्हा सुरू झाली नाही. आणि फोनही कोणी ठेवला नाही.